अठ्ठ्याण्णव गुरुवार

संस्था यंत्रांनी नव्हे, माणसांनी चालते. मुख्यालयाच्या परिपत्रकाच्या पहिल्याच ओळीत, जाड ठशात, असं छापलं होतं. परिपत्रक एकोणीस पानांचं होतं. त्यानंतर माणूस आढळला तो थेट एकोणिसाव्या पानावर, तोही सहीपुरता. मधल्या सगळ्या पानांत माऊस होते, वायरी होत्या, कॅमेरे होते, आणि माऊसच्या पोटातल्या बॅटऱ्या कुठल्या मापाच्या असाव्यात याचा एक तक्ता होता.

कर्मचारी ऑफिसात परत येण्यापूर्वी करायच्या तांत्रिक तयारीची ही यादी. मुद्दे चौसष्ट, आणि तयारी करणारा माणूस एक. त्याला सगळे प्लगमास्तर म्हणत. कुणी कसलीही तक्रार घेऊन फोन केला, तरी मास्तरांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "प्लग लावलाय का?" दहातल्या सात वेळा लावलेला नसे, त्यामुळे पदवी कायम झाली. पुढे बोलण्याच्या घाईत प्लग गळून पडला आणि मास्तर तेवढे उरले.

ऑफिस विमा कंपनीचं, चौथ्या मजल्यावर. एकशे बारा टेबलं, एकशे बारा यंत्रं. साथ आली त्या दुपारी लोक अर्ध्या चहावरून उठून घरी गेले होते, आणि दोन वर्षं घरूनच काम करत होते. कपांच्या तळाशी चहाची तपकिरी पापडी धरली होती. कॅलेंडरं त्याच महिन्यावर अडकली होती. खुर्च्यांच्या पाठीवर स्वेटर तसेच लटकत होते, जणू मालक जरा हात धुवायला गेलेत. साठ नंबरच्या टेबलावर हेडक्लार्कचा चष्मा उघडाच पडलेला होता. हेडक्लार्क दीड वर्षापूर्वी साथीतच गेले. चष्मा पुसून ड्रॉवरमध्ये ठेवावा की घरच्यांना द्यावा, याबद्दल यादीत काही नव्हतं, म्हणून मास्तरांनी तो पुसून परत तिथेच ठेवला.

मास्तरांना या टेबलांची सवय होती. कारण दोन वर्षं, दर गुरुवारी, ते इथे येत होते. एकटे.

कुणी सांगितलं नव्हतं. पण मुख्यालयाचा नियम असा, की जे यंत्र पंचेचाळीस दिवस बंद राहील त्याचं नाव यादीतून उडवायचं. एकदा उडालेलं यंत्र पुन्हा यादीत आणायला अर्धा दिवस मोडतो. शिवाय दावे नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दर बुधवारी काहीतरी सुधारणा येई, आणि त्या सॉफ्टवेअरची खोड अशी, की खुर्चीच्या मालकाच्या नावाने आत शिरल्याशिवाय सुधारणा म्हणून उतरत नसे. मास्तरांकडे एक वही होती. तीत सगळ्यांचे पासवर्ड होते. पासवर्ड बदलला की लोक आधी मास्तरांना कळवत आणि मग स्वतः विसरत. तर मास्तर गुरुवारी दहाला येत, एक नंबरच्या टेबलापासून सुरुवात करत, त्या त्या माणसाच्या नावाने यंत्रात शिरत आणि पुढे सरकत. यंत्रामागे दोन मिनिटं. पावणेदोनपर्यंत एकशे बारा. मग खिडकीशी बसून डबा खात आणि घरी जात. या कामाचं त्यांना मनातून बरं वाटे. सगळं जग बंद पडलंय, पण आपली यंत्रं तेवढी टुणटुणीत आहेत, असं.

आता सोमवारपासून सगळे परत येणार होते. आठवड्याचे पाचही दिवस. शिवाय यापुढे पासवर्ड बंद. चौदाव्या मुद्द्याप्रमाणे प्रत्येक यंत्राला बोटाचा ठसा ओळखणारी एक डबी जोडायची होती. नोकरीला लागताना घेतलेले सगळ्यांचे ठसे मुख्यालयातून तीत आधीच उतरलेले होते. मास्तरांनी एकशे बारा डब्या जोडल्या. एकतिसावा मुद्दा होता, "पासवर्ड कुठेही लिहून ठेवलेले नसावेत." मास्तर नियमाचे पक्के. त्यांनी वही कागद कातरायच्या यंत्रात पानापानाने घातली, पुठ्ठ्यासकट, आणि मुद्द्यापुढे टिक केली.

मंगळवारी मुख्यालयातून एक खोकं आलं. त्यात एकशे बारा सन्मानपत्रं होती, सोनेरी कडांची. ती टेबलाटेबलावर मांडायचं कामही तांत्रिक तयारीतच बसवलेलं होतं. पहिलं मांडताना मास्तरांनी ते वाचलं, आणि मग ते एक नंबरच्या खुर्चीतच बसले.

पत्रात म्हटलं होतं की, साथीच्या कठीण काळात या शाखेचे सर्व कर्मचारी, कोणतीही सक्ती नसताना, स्वेच्छेने दर गुरुवारी कार्यालयात उपस्थित राहिले. इतकंच नव्हे, तर गर्दी टाळण्यासाठी ते खुर्चीच्या क्रमाने, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने आत आले. ही शिस्त इतर शाखांनी अनुकरणीय मानावी. कर्मचाऱ्यांची कार्यालयाची ओढ पाहून पाच दिवसांच्या उपस्थितीचा निर्णय घेण्यात येत आहे. गुरुवारांपोटी प्रत्येकाला चोवीस दिवसांची भरपाई रजा मंजूर.

साठ नंबरच्या टेबलासाठीही एक पत्र होतं. ते मास्तरांनी चष्म्याखाली ठेवलं.

संध्याकाळी बारा नंबरच्या टेबलावरच्या टायपिस्टचा फोन आला. रजेची बातमी घरोघर पोहोचली होती.

"मास्तर, प्लग लावलाय का?" टायपिस्ट म्हणाला आणि हसला.

"तुम्हाला कळलं तर."

"मला काही कळलेलं नाही. कुणालाच कळलेलं नाही. तुम्हालाही कळलेलं नाही."

"पण येत कुणीच नव्हतं."

"मास्तर, चोवीस दिवस. लग्न झाल्यापासून सलग चोवीस दिवस मी बायकोबरोबर कुठे गेलेलो नाही. आता तुम्ही तोंड उघडून माझा संसार मोडू नका."

मास्तरांनी तोंड उघडलं नाही. त्यात कुणाचं काय बिघडतंय, असा त्यांनी विचार केला. हा विचार बुधवार दुपारपर्यंत टिकला.

बुधवारी सत्तेचाळीस नंबरच्या वहिनींनी बोलावलं. वहिनी दावे विभागात. त्यांचे यजमान, दादा, याच ऑफिसात टपालाचं टेबल सांभाळत, साथीच्या आधीच निवृत्त झालेले. मास्तरांचा आणि त्यांचा वीस वर्षांचा दोस्ताना, म्हणून त्या सगळ्या ऑफिसच्या वहिनी. टाळेबंदीच्या पहिल्या वर्षातच दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि भाषा जवळजवळ सगळी गेली. 'हो', 'नको', आणि का कोण जाणे, 'प्लग' एवढे तीन शब्द राहिले.

मास्तर आत आले तसे दादा पलंगावरून तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून म्हणाले, "प्लग."

"लावलाय, दादा," मास्तर म्हणाले. हे दोघांचं ठरलेलं बोलणं होतं.

खोली लहान. पलंगाला लागून औषधांचं टेबल, आणि औषधं एका बाजूला सारून तिथेच लॅपटॉप. त्याची वायर पलंगाच्या पायाला दोन वेढे देऊन भिंतीकडे गेलेली, पाय अडकू नये म्हणून. वहिनी एका हाताने दावे नोंदवत आणि दुसऱ्या हाताने दादांना पाणी पाजत. पाणी चमच्याने, एकेक घोट, मान पुढे वाकवून. घाई झाली की ठसका लागे, आणि ठसका लागला की जीव कंठाशी. दोनदा दवाखाना झाला होता. पंधरा मिनिटांहून जास्त त्यांना एकटं सोडता येत नव्हतं. दिवसा बसायला तीन बायका ठेवून पाहिल्या. तिसरीने चमचा ठेवून पेला लावला, त्यातच दुसरा दवाखाना. मुलंबाळं नव्हती.

म्हणून वहिनींनी कायम घरून काम करण्याची सवलत मागितली होती. नोकरीच्या नियमावलीत तशी सोय होती. उत्तर आलं होतं. त्यांनी ते मास्तरांपुढे धरलं.

"तुम्हीच वाचा. मी चारदा वाचलं, तरी ते माझ्याबद्दलच आहे असं वाटत नाही."

मास्तरांनी वाचलं. अर्जदार अठ्ठ्याण्णवपैकी अठ्ठ्याण्णव गुरुवारी कार्यालयात उपस्थित असल्याचे नोंदींवरून दिसून येते. सबब, रुग्णाच्या देखभालीची पर्यायी व्यवस्था घरी उपलब्ध असल्याचे सिद्ध होते. अर्ज नामंजूर.

"मी त्या इमारतीचं दोन वर्षांत तोंड पाहिलेलं नाही, मास्तर."

"हो."

"ज्या दिवशी यांना झटका आला तोही गुरुवारच. त्यांच्या नोंदीत मी त्या दिवशी अकरा बत्तीसला ऑफिसात आहे. अकरा बत्तीसला मी स्ट्रेचरबरोबर धावत होते. दवाखान्याचा कागद पाठवला त्यांना."

"मग?"

"कागदावर रुग्णाचं नाव आहे म्हणाले. सोबत कोण होतं याची नोंद नाही." त्यांनी चमचा पेल्यात बुडवला, निथळू दिला, दादांच्या ओठाशी नेला. "तुम्हाला यातलं कळतं. असं कसं झालं असेल हो?"

हा प्रश्न त्यांनी अगदी सरळ विचारला होता. मास्तरांनी उत्तर घशापर्यंत आणलं, आणि तिथे त्यांनाच ठसका लागला.

"बघतो," ते म्हणाले.

"बघा. सोमवारपर्यंत काही झालं नाही, तर मला राजीनामा द्यावा लागेल. सोमवारी नाही गेले तर कामावरून कमी करतात म्हणे. त्यापेक्षा आपण होऊन दिलेला बरा दिसतो."

"प्लग," दादा म्हणाले.

रात्री जेवताना मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने ताटातला घास तसाच ठेवला.

"म्हणजे अहो, तुम्ही दर गुरुवारी तिच्या नावाने तिथे बसत होतात."

"बसत नव्हतो. नुसता शिरून बाहेर पडत होतो. दोन मिनिटं."

"तिला तुम्ही सांगितलंत का?"

"आधी वर सांगतो. मिटलं तर सांगायची वेळच येणार नाही."

"आणि तुमच्या नोकरीचं?"

"दुसऱ्याच्या नावाने शिरलो म्हणजे नियम मोडला. जाईलही."

बायको पाणी प्यायली. "जाऊ दे," ती म्हणाली. "उद्या सकाळी जा. परवा नको. परवापर्यंत तुम्ही स्वतःलाच पटवाल की गप्प बसण्यात शहाणपण आहे. तुम्हाला मी ओळखते."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारीच, मास्तर मनुष्यबळ विभागाच्या मॅडमकडे गेले. मॅडम शाखेत परत येणाऱ्या पहिल्या. त्यांच्या केबिनमध्ये बोलणाऱ्या दोघांच्या मधे एक पारदर्शक काच बसवली होती, मुद्दा बावन्न. काच मास्तरांनीच बसवली होती, आणि ती इतकी चोख बसली होती की पलीकडचं नीट ऐकू येत नव्हतं. दोघांनाही जरा मोठ्याने बोलावं लागलं.

"मॅडम, गुरुवारी कुणी येत नव्हतं. मी येत होतो."

"तुम्ही सगळ्यांबरोबर येत होतात?"

"सगळे नव्हतेच. मी एकटा. सगळ्यांच्या नावाने मीच यंत्रात शिरत होतो."

"म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड तुमच्याकडे होते?"

"वहीत होते."

"वही दाखवा."

"कातरली. मुद्दा एकतीस."

मॅडमनी पडद्यावर पाहिलं. "हो, पूर्ण झाल्याची टिक आहे. छान." त्यांनी पडदा खाली सरकवला. "खाली गेटवर रजिस्टर असतं. त्यात तुमच्या सह्या असतील."

"साथीमुळे रजिस्टरला हात लावू नये, असा फलक होता. कुणी लावला नाही."

"कॅमेरे?"

"बंद होते. परवा चालू केले. मुद्दा नऊ."

"मास्तर, मी तुमच्यावर अविश्वास दाखवते आहे असं समजू नका. पण तुमच्या नावावर मी आत्ता बघते आहे." त्यांनी पडदा थोडा वळवला. "एकशे अकरा खुर्च्यांची अठ्ठ्याण्णव गुरुवारांची हजेरी आहे. तुमची एकही नाही."

"मी माझ्या नावाने शिरतच नाही. मी अ‍ॅडमिन म्हणून शिरतो."

"अ‍ॅडमिनला कर्मचारी क्रमांक नाही."

"तो मीच आहे."

"तसं कुठे लिहिलेलं नाही."

मास्तरांनी शेवटचं पान टाकलं. "साठ नंबरचे हेडक्लार्क दीड वर्षापूर्वी गेले, मॅडम. तुम्हीच शोकसभेचा मेल पाठवला होता. तेही दर गुरुवारी येतायत. बरोबर अकरा अठ्ठावन्नला."

"ते आमच्या लक्षात आलं. मृत्यूनंतरच्या त्यांच्या नोंदी आम्ही वगळल्या."

"पण त्या झाल्या कशा?"

"वगळल्या, म्हणजे आता त्या नाहीत. सन्मानपत्र मात्र छापून गेलं होतं. ते तुम्ही टेबलावरून उचला."

खोलीत नव्या एसीचा आवाज येत होता, मुद्दा अकरा. मॅडमनी काचेच्या कडेने मान बाहेर काढली आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, माझंही सन्मानपत्र आहे त्यात. सहा महिने मी आईकडे होते. दुसऱ्या शहरात."

"मग तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहेच. तुम्हाला काय वाटतं, इथे कुणाला ठाऊक नाही? पण ही नोंद खोटी म्हणायची तर एकशे अकरा जण खोटे ठरतात, आणि ज्यांनी त्या नोंदीवरून वर अहवाल दिला, तेही. ही नोंद खरी म्हणायची तर अडचण एकट्या सत्तेचाळीस नंबरच्या बाईंची होते. बाईंचं वाईट वाटतं मला. खोटं नाही सांगत."

"मग निदान तेवढ्या एका खुर्चीची नोंद तुम्ही वगळा. हेडक्लार्कची वगळलीत तशी."

"ते वारले होते, मास्तर. त्याला नियम आहे."

मान काचेमागे गेली. मास्तर उठले तेव्हा मॅडम पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, "आणि एक. शून्य हजेरी ज्याची आहे त्याला नोटीस आपोआप जाते. तुम्हालाही येईल. तिला उत्तर तेवढं वेळेत द्या."

जिन्यावर उभं राहून मास्तरांनी वहिनींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. वही, गुरुवार, दोन मिनिटं, काच. सांगायला फार वेळ लागला नाही. पलीकडे चमचा पेल्यावर आपटल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे ते तुम्ही होतात," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"मला वाटलं, मीच जात होते की काय. खरंच वाटायला लागलं होतं, मास्तर. दोन वर्षांत काय काय झालं, सगळं कुठे लक्षात राहतं. म्हटलं यांना एकटं टाकून मी खरंच जात असेन, आणि विसरले असेन. रात्रभर तेच चाललं होतं डोक्यात."

"वहिनी, मी पुन्हा जाऊन—"

"नका जाऊ. बरं झालं सांगितलंत. यांना सांगू का? हसतील."

फोन ठेवल्यावर मास्तर परत वर गेले, कारण चौसष्टपैकी अजून पाच मुद्दे बाकी होते.

सोमवारी साडेआठलाच मास्तर हजर झाले. खिशात नोटीस होती. गेल्या अठ्ठ्याण्णव गुरुवारांत एकदाही कार्यालयात न फिरकण्याचं कारण तीत तीन दिवसांत लेखी मागवलं होतं. नऊला लोक येऊ लागले. कुणी वजन वाढवून आलं होतं, कुणी दाढी. प्रत्येकाने डबीवर बोट टेकवून हजेरी लावली आणि प्रत्येकाने आपापलं सन्मानपत्र हळूच ड्रॉवरमध्ये टाकलं. गुरुवारांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. टायपिस्टने येताना मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. त्याचा रजेचा अर्ज तयारच होता.

साठ नंबरवरचा चष्मा कुणीतरी उचलून खिडकीत ठेवला होता.

पावणेदहाला सत्तेचाळीस नंबरची खुर्ची रिकामीच होती. हजेरीची नोंद दहाला बंद होई. मास्तर तिथे आले आणि इकडेतिकडे न बघता बसले. वही गेली होती, पण हा एक पासवर्ड त्यांना तोंडपाठ होता. दादांचं लाडकं नाव आणि लग्नाचं वर्ष. वहिनींनी एवढ्या वर्षांत तो एकदाही बदलला नव्हता. जे अठ्ठ्याण्णव वेळा नकळत केलं, ते आज एकदा जाणूनबुजून करायचं, आणि मग उद्या, आणि परवा. दर दिवशी दोन मिनिटं. मुख्यालयाला हजर बाई हवी आहे ना, तर ती मिळेल. वहिनी घरी चमच्याने पाणी पाजतील आणि इथे त्यांची शंभर टक्के हजेरी लागेल. मास्तरांना पहिल्यांदाच हा सगळा प्रकार उपयोगाचा वाटला.

त्यांनी यंत्र चालू केलं. पहिल्याच दणक्यात सुरू झालं, जराही कुरकुर न करता. पडद्यावर वहिनींचं नाव आलं. नावाखाली, जिथे पासवर्ड टाकायची चौकट असे, तिथे अंगठ्याचं चित्र होतं. चौदावा मुद्दा मास्तर साफ विसरले होते.

मास्तरांनी डबीवर बोट टेकवलं. डबीने लाल दिवा लावला. त्यांनी दुसरं बोट टेकवून पाहिलं. डबी चांगल्या प्रतीची होती.

नऊ अठ्ठावन्नला वहिनींचा राजीनाम्याचा मेल आला. दोन ओळींचा होता, आणि त्याची एक प्रत माहितीसाठी अ‍ॅडमिनला होती.

दहाला संगणकाने पहिल्या दिवसाचा अहवाल आपोआप मुख्यालयाला पाठवला. उपस्थित एकशे दहा. राजीनामा एक. अनुपस्थित एक, त्याला नोटीस आधीच गेलेली. यंत्रं एकशे बारा, सर्व चालू.